उखाणा घेतल्याशिवाय पैसे नाहीत

माझ्या लेकीच्या सासऱ्यांइतका संशयी माणूस अख्ख्या नाशिक जिल्ह्यात दुसरा नाही. असताच, तर आमच्या व्याह्यांनी आधी त्याचं ओळखपत्र मागितलं असतं. त्यांचा जन्म एकलहऱ्याच्या वीज केंद्रात गेला. तिथे म्हणे दुरुस्तीला हात घालायच्या आधी प्रत्येक कामगार बटणाला आपापलं कुलूप लावतो, आणि ज्याचं कुलूप त्यानंच काढायचं. मोठा साहेब आला तरी त्यानं हात लावायचा नाही. नोकरी संपली, पण कुलपाची सवय सुटली नाही. बायको आधीच गेलेली, मुलगा आणि सून पुण्याला. मग हा माणूस नाशिकरोडच्या दुकानादुकानांत फिरून, कोणी विचारलेलं नसताना, फोनवरच्या चोरांपासून धंदा कसा सांभाळायचा ते सांगत सुटला. पैसे घेत नसत. चहा घेत, तोही डोळ्यांदेखत उकळलेला.

माझा कांदा-लसूण मसाल्याचा छोटा कारखाना आहे. ऑर्डरी फोनवर, पैसे फोनवर, आणि हिशेबाला एक जुना कॉम्प्युटर. व्याही पहिल्यांदा तिथे आले तेव्हा मी पोहे करायला घेतले. लेक दिलेली, मान ठेवावा लागतो. ते खुर्चीवर न बसता म्हणाले, "विहीणबाई, तुमची कुलदेवी कोणती?" म्हटलं, वणीची. "आणि जन्मसाल?" तेही सांगितलं. त्यांनी कॉम्प्युटर आपल्याकडे वळवला, दोन बोटांनी काहीतरी टाइप केलं आणि माझा सगळा हिशेब उघडून माझ्यासमोर धरला. पोह्यांची बशी माझ्या हातातच राहिली. मी चौथी शिकलेली. मला वाटलं होतं, देवीच्या नावापेक्षा मजबूत कुलूप कुठलं असणार. त्याच दुपारी त्यांनी आमच्या ओळीतल्या औषधाच्या दुकानाचा, हार्डवेअरवाल्याचा आणि गिरणीवाल्याचा कॉम्प्युटर मालकांसमोर तसाच उघडला. सगळीकडे तीच देवी. "देवी रक्षण करते, विहीणबाई," ते म्हणाले, "पण तिचं नाव सगळ्या तालुक्याला पाठ आहे. कुलूप असं पाहिजे की देवीलाही उघडता येऊ नये." देवीबद्दल असं बोलणारा माणूस मी तोवर पाहिला नव्हता.

पण ही तर सुरुवात होती. एकदा त्यांनी डेअरीवाल्याच्या, फोननं स्कॅन करून पैसे घ्यायच्या बोर्डावर स्वतःच्या खात्याचं स्टिकर चिकटवलं आणि समोरच्या टपरीवर जाऊन बसले. सकाळभर दुधाचे पैसे ह्यांच्या खात्यात. दुपारी ते डेअरीवाल्याकडे गेले, पै न् पै परत केली आणि म्हणाले, "मी होतो म्हणून परत आले." डेअरीवाल्यानं दुधाचं माप उगारलं होतं. मी मध्ये पडले नसते तर लेकीला सासरा उरला नसता. ह्यांच्या चेहऱ्यावर मात्र लाज नाही, उलट शिकवणी चालूच. "रोज अगरबत्ती लावता ना? तेव्हाच बोर्डावर नख फिरवायचं. वर दुसरं काही चिकटवलं असेल तर नखाला कळतं." आता आमच्या ओळीतले सगळे दुकानदार सकाळी देवाला हात जोडतात आणि बोर्ड खरवडतात. गिऱ्हाइकांच्या नावांची एक प्रत त्यांनी मला पेन ड्राइव्हवर काढून दिली आणि ती मिरचीच्या डब्यात, पिशवीत गुंडाळून पुरायला लावली. का, तर चोर मिरचीत हात घालत नाही.

सगळ्यात कहर म्हणजे उखाणा. ते म्हणाले, हल्ली माणसाचा आवाजही चोरता येतो. ओळखीच्या आवाजात फोन येईल, घाई लावील, नव्या खात्यात पैसे टाका म्हणेल. "घाई लावील तो चोर. पैशाची गोष्ट निघाली की पलीकडच्याला उखाणा घ्यायला लावायचा. ज्याचा उखाणा त्यालाच येतो." मी म्हटलं, व्याहीबुवा, हा धंदा आहे, मांडव नाही. पण ऐकतात कुठे. लासलगावहून मला कांदा पुरवणारा व्यापारी भर लिलावात उभा, आणि हे माझ्या फोनवरून त्याला म्हणतात, बायकोचं नाव घ्या. मी तोंडावर पदर घेतला. पलीकडून आवाज आला, "अहो काका, नाव कसलं घ्यायला लावता, हितं बोली चालू हाय." ह्यांनी फोन सोडला नाही. शेवटी त्यानं घेतलं,

"लाल कांदा, उन्हाळ कांदा, चाळीत भरला सारा,
मंगल गेली माहेरी की मला नाही थारा."

मागे सगळं मार्केट हसत होतं. मग नियम सर्वांना सारखा म्हणून व्याह्यांनी स्वतःचाही दिला. ताठ उभं राहून, लग्नादिवशी बायकोला पहिल्यांदा म्हणून दाखवावा तसा,

"एकलहऱ्याच्या विजेनं उजळलं सारं गाव,
डबा विसरलो, छत्री विसरलो, ध्यानात सुमनचं नाव."

दिवाळीच्या तोंडावर त्या व्यापाऱ्याचा नव्या नंबरावरून फोन आला. तोच आवाज, तोच मध्येच घसा खाकरणं. "काकू, गाडी भरून उभी हाय. खातं बदललंय, आगाऊ रक्कम नव्या खात्यात टाका, लवकर." दिवाळीच्या मालासाठी ठेवलेलं सगळं भांडवल तेवढंच होतं, आणि कारखान्यातल्या बायांची मजुरीही त्यातच. माझं बोट बटणावर होतं. लाज वाटत होती, तरी म्हटलं, आधी नाव घे. तो हसला. "काकू, मस्करी नका करू, गाडी सुटंल." मी म्हटलं, सुटू दे. फोन कट. मी जुन्या नंबरवर लावला तर व्यापारी घरी जेवायला बसलेला. ना गाडी भरली होती, ना खातं बदललं होतं. मी खाली मिरचीच्या पोत्यावरच बसले. आवाज त्याचाच होता हो. व्याह्यांना सांगितलं तर शाबासकी नाहीच. म्हणाले, "बोट बटणावर गेलंच कसं?"

ह्या उन्हाळ्यात एका दुपारी अनोळखी नंबरावरून फोन आला. "विहीणबाई, मी एकलहऱ्याच्या गेटवर आहे. पाकीट सापडत नाही, फोन सापडत नाही. हा रिक्षावाल्याचा नंबर, ह्याच्यावर पैसे टाका. लवकर." आवाज व्याह्यांचा. अनोळखी नंबर, घाई, पैसे. त्यांनी शिकवलेली एकूण एक खूण. मी विचारलं, उखाणा? पलीकडून, "एकलहऱ्याच्या विजेनं..." आणि मग, "पुढचं काय हो, विहीणबाई?"

मी पैसे टाकले नाहीत. मसाल्याचा टेम्पो निघतच होता, त्यात बसून गेले.

ते खरंच गेटसमोर उभे होते. एकलहऱ्याचं क्वार्टर सोडून त्यांना कितीतरी वर्षं झाली. राहतात जेलरोडला. रिक्षावाला म्हणाला, "आजी, काका म्हणतात ड्युटीला उशीर झाला." मी त्याचे पैसे रोख दिले. व्याह्यांनी मला पाहिलं आणि पहिलं वाक्य, "पैसे टाकले नाहीत ना?" म्हटलं, उखाणा कुठे पुरा केलात? "बरं केलंत," ते म्हणाले आणि निमूट टेम्पोत चढले.

येताना ते सारखे ओठ हलवत होते. पहिली ओळ यायची, दुसरी यायची नाही. शेवटी मीच म्हटला तो त्यांचा उखाणा, सगळा, सुमनच्या नावासकट. परक्याच्या बायकोचं नाव घ्यायची वेळ माझ्यावर या वयात यावी. त्यांनी नाव ऐकलं, रस्त्याकडे बघत राहिले. मग माझ्याकडे वाकून हळू आवाजात म्हणाले, "विहीणबाई, हा आता बाद. ड्रायव्हरनं ऐकला. तुम्हाला नवा देतो."

लेकीला मी त्याच संध्याकाळी सगळं सांगितलं. जावई त्यांना पुण्याला न्यायचं म्हणतो. ते म्हणतात, मग इथल्या दुकानांकडे कोण बघणार? नवा उखाणा त्यांनी अजून दिलेला नाही. रोज सकाळी फोन येतो, "बोर्डावर नख फिरवलं का?" नियमानं मी आधी उखाणा विचारायला हवा. मी फिरवलं म्हणते.