ब्रेकवर

गेल्या वर्षी जुलैच्या नऊ तारखेला बोईसरला ठेकेदाराच्या ऑफिसात आम्ही एक लाख छप्पन्न हजार सातशे पन्नास रुपये मागितले. हजर तिघे: ठेकेदार, माझा धाकटा भाऊ आणि मी. रोजचे साडेपाचशे, वर्षाला पंधरा दिवसांचे, एकोणीस वर्षं. भावाच्या कारखान्यातल्या नोकरीच्या ग्रॅच्युइटीचा हा हिशोब मी घरूनच करून नेला होता. भावाला त्यातून नव्या खोलीचं डिपॉझिट भरायचं होतं. राहती खोली मालकाने महिनाअखेर मागितली होती.

ठेकेदाराने चहा मागवला. गुणाकार बरोबर आहे, म्हणाला, पण एकोणीस वर्षं कुठली?

आम्ही सांगोल्याकडून इकडे आलो तेव्हा ब्रेक हा शब्द आम्हाला चहापुरता ठाऊक झाला. दहा मिनिटं, एक कटिंग. पुढे पुतण्या शाळेत ब्रेकमध्ये डबा खाऊ लागला. आमच्या वरच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांच्या सुनेने बाळासाठी वर्षभर ब्रेक घेतला आणि नंतर ती आपल्या जुन्या टेबलावर जाऊन बसली. ठेकेदारीत ब्रेक घेत नाहीत, देतात. दर काही महिन्यांनी माणसाचं नाव काढायचं आणि पंधरा दिवसांनी नव्या गेटपासावर पुन्हा घालायचं. नोकरी सलग दिसू नये, एवढंच त्याचं काम. भावाची बायको शेजारपाजारी सांगायची, "हे ब्रेकवर आहेत." रजेवर आहेत म्हणावं तितक्या सहज.

खरं तर भाऊ त्या दिवसांतही घरी नसायचा. सुपरवायझर त्याला बोलवायचा. शेतीच्या कामाला गावी गेलेल्या एखाद्याचा पास भावाने गळ्यात घालायचा आणि त्याच्या नावावर काम करायचं. हजेरी त्याची, पैसे त्याच्या खात्यात. तो गावाहून परत आला की भावाला रोख आणून द्यायचा. लाइनवर सगळे असंच करत. भावाला हे उपकार वाटत. दर ब्रेकनंतर तो सुपरवायझरला पेढे नेऊन द्यायचा.

जूनमध्ये तो मासवणच्या एका माणसाच्या पासावर असाच अकरा दिवस राबला. बाराव्या दिवशी गेटवरून परत पाठवलं. ब्रेक संपला तरी बोलावणं आलं नाही.

त्या दिवसांत मासेमारी बंद होती. मुरब्याची मासेवाली दारावर सुके बोंबील घेऊन यायची. भाऊ माझ्याकडे बसलेला दिसला की विचारायची, "आमच्या बोटी पन ब्रेकवर हायत. त्या नारली पुनवेला जातील. तुमी कवा जाल?" भाऊ हसायचा आणि बोंबलांचा भाव विचारायचा.

ऑफिसात तो एवढंच बोलला, "शेठ, मी ब्रेकमध्येपण आलोय. सुपरवायझरला विचारा."

ठेकेदाराने खरंच फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. पलीकडून आवाज आला, "ब्रेक में भी काम दिया ना उसको? और क्या चाहिए?"

फोन ठेवून ठेकेदार भावाला शांतपणे म्हणाला, "तू आलास, मला माहीत आहे. पण कागदावर त्या दिवसांत तू नव्हतासच. दुसरे लोक होते."

मी पालघरला कामगार कार्यालयात जाऊन आलो. तिथे ब्रेकला सेवेतला खंड म्हणतात. ज्यांचे पास वापरले त्यांनी तसं लिहून दिलं तर बघता येईल, असं तिथले साहेब म्हणाले. त्यातले बरेचजण अजून त्याच गेटने आत जातात. लिहून दिलं तर त्यांचं काय होईल, हे मी विचारलं नाही, साहेबांनी सांगितलं नाही.

घरी येऊन भावाला सांगितलं.  तो म्हणाला, "राहू दे दादा. त्यांच्यामुळेच तर ब्रेकमध्ये चूल पेटायची."

महिनाअखेर त्याने खोली सोडली. बायको-मुलासह तो आता आमच्या बाहेरच्या खोलीत राहतो, नाक्यावर उभा राहतो, मिळेल ते काम करतो.

ग्रॅच्युइटी मिळाली नाही. जूनमधल्या अकरा दिवसांचे सहा हजार पन्नास रुपये ठेकेदाराने दिले. ते मासवणच्या माणसाच्या खात्यात जमा झाले. तो बसने येऊन सगळी रक्कम भावाच्या हातात ठेवून गेला. भावाच्या नावावर काही जमा झालं नाही.