गोळी खिशात का पोटात?

"गोळी खिशात का पोटात?"

बदनापूरच्या लॅबात पाय ठेवला की रक्त घेणारे मामा हेच विचारायचे. रामराम मंग.

मला बायकोची किडनी बसवलेली हाय. माझ्या अंगात कामाची तेवढीच एक चीज, ती बी तिची. अंग परक्या किडनीला हाकलून द्यायला पाहतं, म्हणून दोन टायमाला गोळी. गोळी रक्तात पुरती हाय का, किडनी बराबर हाय का, ते पाहायला महिन्याला रक्त. आधी रक्त द्यायचं, सकाळची गोळी मंग. बिलकुल साधं. पण मी शाळेत गेलेलोच न्हाई, मला साधं कसं जमंल?

मामांचा हात तुम्ही पाहायला पाह्यजे होता. सुई टोचताना म्हणायचे, "मेंढरं किती झाली रे?" मी मोजूस्तर बाटली भरलेली.

एकदा मेंढरांमागं हिंडता हिंडता चार-पाच दिवस संध्याकाळची गोळी राह्यली. आता रक्तात कमी निघंल, बायको धरंल. मंग मी डोकं चालवलं. बाजाराच्या दिशी आम्ही मेंढीला मीठ चारून पाणी पाजतो, वजन भरतं. तसंच रक्तात गोळी भरलेली दिसावी म्हणून सकाळची गोळी आधीच खाऊन गेल्तो.

"खिशात का पोटात?"

"खिशात, मामा."

"दाखव."

मी खिशातून काढली मेंढीची जंताची गोळी. मामांच्या घरी बी मेंढरं होती, हे ध्यानातच न्हाई. त्यांनी गोळी उलटीपालटी करून पाह्यली.

"खा मंग. माझ्यासमोर."

मला हसू फुटलं. मामा हसले न्हाईत.

"पाणी पाजून आणलंस व्हय रे रक्त? बाजारात व्यापारी फसतो. इथं डाक्तर फसला, तर त्या माउलीनं पोटातलं काढून दिलेलं वाया जाईल."

रक्त घेतलंच न्हाई. "उद्या ये. गोळी खिशात घेऊन."

दुसऱ्या दिवशी दिलं. रिपोर्टात गोळी कमी, अन किडनी बिघडायला लागलेली. शहरातल्या डाक्तरानं आठ दिवस भरती करून घेतली, तवा वाचली. आठ दिवस बायको उशाशी बसून डोळे वटारून गोळी चारायची. मला वाटलं, आता परत मागती का काय.

औंदा मामा लॅब सोडून पोरीकडं नागपूरला गेले. नवी ताई चांगली हाय. हात धरती, सुई टोचती, काहीच विचारत न्हाई. मी आपली मनातल्या मनात मेंढरं मोजतो.

"काका, झालं की."

"गोळी खिशात हाय," मी म्हणतो.

तिनं कुठं विचारलंय?