जखम नाही तर केसपेपर नाही

डिंपल आली की चंद्रपूरच्या त्या ट्रस्टच्या दवाखान्यात सगळे नाक मुरडायचे. माजरी गावची बावीस वर्षांची पोरगी, दर पंधरा दिवसांनी हात कापून हजर. आज ज्या नर्सला देवी म्हणायची, उद्या तिच्याच अंगावर थुंकायची. आजाराचं नाव फायलीत लिहिलेलं होतं, पण वाचतो कोण? वॉर्डात तिला 'नाटक कंपनी' म्हणत. अन् डॉक्टर तर धडा शिकवायचा म्हणून सुन्न न करताच टाके घालायचे. शी! शिकलेली माणसं म्हणे ही!

मनोरुग्ण वॉर्डातल्या वच्छला सिस्टरला ते टाके पडताना तिथं उभं राहायची लाज वाटायची. डिंपलचा तिलाही वैताग यायचा, खोटं कशाला बोला. पण या पोरीकडे कुणी धड बघतं ते रक्त सांडल्यावरच, एवढं तिच्या ध्यानात आलं होतं. म्हणून २००३ च्या उन्हाळ्यात सगळ्यांच्या मागे लागून तिनं एक कागद केला. हात कापावासा वाटला की डिंपलनं कापायच्या आधी यायचं, अन् वच्छलानं तिच्याजवळ तासभर बसायचं. डिंपलनं, तिच्या आईनं, तिन्ही पाळ्यांच्या नर्सनी सह्या केल्या. डॉक्टरनंही हसत हसत केली.

सात आठवडे हात कोरा राहिला. दृष्ट लागायची म्हणून वच्छला कुणाजवळ बोलली नाही.

आठव्या आठवड्यात बापाशी भांडण झालं अन् डिंपल ठरल्याप्रमाणं सरळ बस धरून आली. केसपेपरच्या खिडकीवर हेमराज होता. त्यानं तिचा हात उलटसुलट करून पाहिला अन् सांगितलं, जखम नाही तर केसपेपर नाही, अन् केसपेपर नाही तर आत जायचं नाही. तिनं दोनदा विनवलं. रांगेतले लोक हसले. वच्छला तेव्हा आत, वीस पावलांवर, चादरींच्या घड्या घालत होती.

तासाभरानं डिंपल परत आली. या वेळी हेमराजनं केसपेपर लगेच केला.

वच्छला धावत आली अन् हेमराजला नाही नाही ते बोलली.

"मले कोनी सांगतलं होतं, बाई?" तो म्हणाला.

खरंच होतं ते. दवाखानाभर सह्या गोळा करत फिरली, पण खिडकीवरच्या माणसाला विचारायचं तिला सुचलंच नव्हतं. तिला स्वतःचीच घाण वाटली.

डॉक्टर नेहमीसारखे नुसता सुई-दोरा घेऊन आले. वच्छलानं त्यांचा हात धरला अन् आधी सुन्न करायला लावलं. डिंपल ओरडली नाही, थुंकली नाही. बाकावर थोडी सरकली अन् तिनं बाजूला जागा केली.

"सिस्टर, आता केसपेपर हाये," ती म्हणाली. "आता तं बसान ना माह्याजवळ?"