हातांनी सांगितलेली गंमत

दर शनिवारी आमच्या कॉलेजची काही मुलं शेजारच्या कर्णबधिर शाळेत जातात. तिथल्या लहान मुलांबरोबर चित्रं काढतात, खेळतात आणि त्यांच्याकडून खुणांची भाषा शिकतात. परवा मीही सहज गेलो आणि व्हरांड्यातच थबकलो. खिडकीतून रोहिणी दिसत होती.

रोहिणी मी शिकवतो त्या वर्गातली. बोलताना अडखळते, म्हणून शक्यतो बोलतच नाही. प्रश्न विचारला की मान खाली घालते. इथे मात्र तिचे हात भराभर चालले होते, भुवया उडत होत्या आणि समोर बसलेली एक चिमुरडी पोट धरून हसत होती. रोहिणी इतकी गप्पिष्ट असेल, असं मला कधी वाटलंच नव्हतं.

माणसाची भाषा नेमकी राहते तरी कुठे? जिभेवर जागा मिळाली नाही, तर ती बोटांत जाऊन वाट पाहत बसते का? वर्गातल्या इतर गप्प मुलांची भाषा कुठे बसली असेल?

मला राहवेना. आत जाऊन विचारलं, "एवढं काय सांगितलंस गं तिला?"

रोहिणीचं पहिलंच अक्षर अडकलं. मी थांबलो. तिने त्या चिमुरडीला खुणेने काहीतरी विचारलं. चिमुरडीने मला नखशिखांत न्याहाळलं आणि जोरजोरात नकारार्थी मान हलवली.

"ती न... नको म्हणते, सर," रोहिणी म्हणाली. "तु... तुमचीच नक्कल होती."

आणि दोघी पुन्हा हसत सुटल्या.