उडीबाईंचा वर्ग

आमच्या वस्तीतील बालवर्गाच्या शिक्षिकेला मुले उडीबाई म्हणतात. त्यांच्याविषयी मी लिहीत आहे, कारण त्यांच्यावर माझ्याइतका संशय अन्य कोणी घेतला नसेल. मी एका कारखान्याच्या फाटकावर पहारेकरी होतो. आत जाणाऱ्याची पिशवी आणि बाहेर येणाऱ्याचा चेहरा तपासणे, हे माझे काम. नोकरी सुटली, सवय सुटली नाही.

मला अक्षरे निवृत्तीनंतर, प्रौढांच्या वर्गात आली. तोवर कोणी कागद पुढे केला की मी "चष्मा घरी राहिला" असे म्हणत असे. वास्तविक मला चष्माच नव्हता. नातीवर तशी वेळ येऊ नये, एवढीच माझी इच्छा. म्हणून ती बालवर्गात जाऊ लागली, तसा मी खिडकीबाहेरच्या बाकावर वर्तमानपत्र घेऊन बसू लागलो.

आतील प्रकार पाहून मी चकित झालो. पाट्या कोपऱ्यात रचलेल्या, आणि मुले उभी राहून ओरडत होती: "फ फ, फुंकर मार! ट ट, टाच आपट! म म, मिटव ओठ! स स, सरपटत चल!" शेवटच्या ओळीला सगळा वर्ग जमिनीवर आडवा झाला. उडीबाईही झाल्या. त्यांच्या दोन्ही गुडघ्यांना पट्टे होते आणि उठताना त्या खुर्चीचा आधार घेत होत्या. दुखत असताना हे कोण कशासाठी करील? मला त्यात काहीतरी काळेबेरे वाटले.

घरी सूनबाईने विचारले, "बाबा, तुम्ही रोज खिडकीत असता. शिकवतात काय हो तिथे?"

"कवायत," मी म्हणालो.

"मग काढूया का तिचं नाव? त्या दुसऱ्या शाळेने जागा राखून ठेवली आहे. शनिवारपर्यंत कळवायचंय."

त्या दुसऱ्या शाळेत मुले रांगेत बसून लिहितात. मी म्हणालो, "शनिवारी सांगतो."

मग मी शाळेतील मदतनीस मावशींकडे चौकशी केली. "हेरगिरीची नोकरी लागली वाटतं, आजोबा?" असे म्हणून त्या हसल्या, पण बोलल्या. उडीबाईंची आई कापड गिरणीत मागावर कामाला होती. यंत्रांच्या खडखडाटात कानाशी ओरडले तरी ऐकू येत नसे. म्हणून तेथील बायका ओठ मोठे हलवून आणि हातवारे करून बोलत. आई घरीही तशीच बोले. लेक लहानपणापासून आवाज डोळ्यांनी ओळखू लागली. पुढे तिने शिक्षिकेचे रीतसर शिक्षण घेतले, आणि पहिल्याच वर्गात खुर्ची मागे सारली.

माझा संशय उलट वाढला. मागावरच्या हातवाऱ्यांचा आणि वाचनाचा संबंध काय? मुले केवळ घोकत असणार.

शनिवारी वर्ग सुटल्यावर मी बाकावर बसून पाटीवर एक शब्द लिहिला: टमफस. तो शब्द जगात कोठेही नाही, म्हणजे पाठ असण्याचा प्रश्नच नाही. नातीला समोर बसवले आणि तिने चाळे करू नयेत म्हणून तिचे दोन्ही हात धरून तिच्या मांडीवर घट्ट टेकवून ठेवले.

"वाच."

तिने पाटीकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले. तोंडातून अक्षर फुटेना. डोळे भरून आले. माझा संशय खरा ठरला होता आणि मला त्याचा काडीचाही आनंद झाला नाही.

"चल बाळा, घरी जाऊ."

"आजोबा, हात का धरलेत तिचे?" दारातून उडीबाई म्हणाल्या.

"हातांनी वाचायचं नसतं, बाई. डोळ्यांनी वाचायचं असतं."

"मग तुम्ही पेपर वाचताना ओळीवर बोट कशाला फिरवता? खिडकीतून मलाही बाहेरचं दिसतं."

मी हात सोडले. नात उभी राहिली. तिने टाच आपटली, ओठांवर बोट ठेवले, तळव्यावर फुंकर मारली, हात नागमोडी सरकवला. मग सगळे एका दमात म्हणाली, "टमफस! आजोबा, टमफस म्हणजे काय?"

"काही नाही."

"मग लिहिलंत कशाला?"

बाई तोंड फिरवून हसल्या. मी मात्र हसलो नाही. "मोठेपणी परीक्षेत टाचा आपटत बसेल का ही?"

"हातवारे हळूहळू गळून पडतात. आवाज तेवढा राहतो."

"आणि नाही गळून पडले तर?"

"तर तुम्ही आहातच की बाकावर. लगेच आत येऊन मला सांगा."

सायंकाळी मी सूनबाईला सांगितले, "ती जागा सोडून दे."

"म्हणजे बाबा, पटलं तुम्हाला?"

"पटलं असं नाही. पण तिने वाचलं."