दुसरं कर्णफूल

तापीच्या काठची दरड ढासळली आणि तिच्यातून सोन्याचं एक कर्णफूल निघालं. माझ्या साडूनं ते विकत घेतलं. जुनी नाणी, मूर्ती, दागिने गावोगाव फिरून गोळा करायचे आणि साहेबलोकांना विकायचे, हा त्याचा व्यवसाय. नंदुरबारच्या सराफ गल्लीतल्या माझ्या दुकानात त्यानं ते फूल माझ्या तळहातावर ठेवलं.

"येनी जोडी करी दे," तो म्हणाला. "इकाले मी शे."

फुलावर खसखशीहून बारीक सोन्याचे रवे बसवले होते. जोडाची झाळ कुठंच दिसत नव्हती. आपल्याला हे जमतं का, एवढंच माझ्या डोक्यात होतं. तो ते कसं विकेल, हे मी विचारलं नाही. खरं सांगायचं तर दोन्ही फुलं जुनी म्हणून विकणार, हे मला कळलं होतं. चार महिने रवे वितळत राहिले. शेवटी गुंज उगाळून तिच्या चिकात मोरचूद घातला, तेव्हा रवे बसले. साडूनं ती जोडी एका साहेबाला विकली.

त्यानंतरच्या हिवाळ्यात एक शिपाई दुकानासमोर उभा राहिला. "प्रकाशाला साहेबाचा तंबू पडलाय. तुझी सोनारकामाची हत्यारं घेऊन बोलावलंय."

घरी सांगितलं तेव्हा बायको भाकरी थापत होती. तिचे हात थांबले.

"खरं सांगशात ते मन्ही बहीणना संसार बुडी जाई," ती म्हणाली. भाकरी तव्यावर टाकत म्हणाली, "आनि खोटं बोलशात ते तुम्हले लई जातीन."

बैलगाडीत मला थंडी वाजत होती, आणि ऊन तर चांगलं चढलं होतं. नावेत शिपायाशेजारी बसलो. त्यानं मला तंबाखू देऊ केली. ती मी घेतली आणि पैलतीर येईपर्यंत मुठीतच धरून ठेवली.

साहेबाच्या मेजावर दोन्ही फुलं होती. कारकून त्याचं बोलणं मराठीत सांगत होता. "एकाचा दांडा मोडलाय. साहेब म्हणतात, जुनी वस्तू आहे, जपून जोड."

मोडलेलं फूल माझं होतं. मुकाट्यानं जोडून परत जाता आलं असतं. पण साहेब भिंगातून माझ्याकडे बघत होता, आणि त्याला सगळं माहीत आहे असं मला वाटलं. तोंडून निघून गेलं, "हे जुनं नाही. मी केलंय."

साहेब हसला. कारकून म्हणाला, "असं काम आता कुणाला येत नाही, म्हणतात. खोटं बोलतोस. करून दाखव."

जमलं नाही तर मी लबाड, जमलं तर नकली माल करणारा. आंब्याखाली शेगडी मांडली, मागे शिपाई उभा. पहिल्या दिवशी फुंकणीत श्वासच टिकेना. सगळे रवे एक गोळा झाले. रात्रभर डोळ्यांसमोर बायको आणि तिची बहीण येत राहिल्या. दुसऱ्या दिवशी दुपारी सात रवे एका पत्र्यावर बसले.

साहेबानं ते बराच वेळ पाहिले. मग कारकुनामार्फत विचारलं, "जुनं म्हणून तू विकलंस?"

"नाही. मी जोडी करून दिली."

"कुणाला, ते साहेबांना माहीत आहे," कारकून हळूच म्हणाला.

खटला झाला नाही. फसलो हे चारचौघांत सांगायची त्या साहेबालाच लाज वाटली असावी. दोन्ही फुलं त्यानं ठेवून घेतली. साडूला मात्र त्यानंतर कुठल्याच तंबूत कुणी उभं केलं नाही. त्यानं फिरणं सोडलं आणि लोणखेड्याला शेतीवर गेला. मेहुणी तीन वर्षं आमच्याकडे आली नाही. आली तेव्हा बायकोशी बोलली. माझ्यासमोर पदर पुढे ओढून आत गेली.

मी पुढं साधे मणी आणि पाटल्याच केल्या. कुणी रवाकाम मागितलं की डोळे अधू झालेत असं सांगायचो. डोळे चांगले होते. पण गल्लीत शिपायाचे बूट वाजले की हातातला चिमटा खाली पडायचा, आणि हाताची थरथर गिऱ्हाइकाला दिसू नये म्हणून मी तो बराच वेळ उचलायचो नाही.