गयाबाईंनी हटवलेली धूळ

कुणाचंही तान्हं लेकरू समोर आलं की गयाबाई आधी त्याच्या पाठीला कान लावायच्या. नावगाव नंतर. "छातीत मांजर घुरघुरायलंय," असं त्या म्हणाल्या की घरात शेकाची धावपळ व्हायची. त्या ना दाई, ना नर्स. दुष्काळी कामावर खडी फोडलेल्या, बौद्धवाड्यातल्या बाई. अहमदपूर तालुक्यातल्या त्या गावात मी शिक्षक होतो. शाळा बौद्धवाड्याला लागूनच, त्यामुळे रोजची भेट.

लातूर नुकतंच वेगळा जिल्हा झालं होतं. रस्ते व्हायचे होते. खडी फोडायचं यंत्र आलं आणि बौद्धवाड्याच्या पाठीमागं बसलं. गावाच्या दुसऱ्या अंगालाही मोकळी जागा होती, पण तिथून पाटलांची घरं जवळ. पांढरी धूळ पाळण्यात साचायची, भाकरीला लागायची. बौद्धवाड्यातली लेकरं हिवाळाभर खोकायची. गावातली त्याच थंडीत विटीदांडू खेळायची.

गयाबाईंचा नातू मिलिंद तेव्हा नुकता पाऊल टाकायला लागला होता. एका सकाळी श्वास घेताना त्याच्या बरगड्या आत ओढल्या जाऊ लागल्या. एसटीनं अहमदपूर गाठेपर्यंत तो आजीच्या मांडीवरच गेला. डॉक्टर म्हणाले, "तुमच्या वस्तीत चुलीचा धूर, बिड्या. असं होतंच."

"सायेब, चूल तर पाटलाच्या घरीबी हाय," गयाबाई म्हणाल्या. "त्यांची लेकरं काहून न्हाई जात?"

डॉक्टरांनी पुढचा पेशंट आत बोलावला.

मग त्या वस्तीतल्या बायका घेऊन लातूरच्या नव्या कचेरीत जाऊ लागल्या. मी अधूनमधून सोबत असायचो. "जिल्हा नवा हाय म्हंत्यात. आपुनबी नव्यानं मागून बघू," म्हणायच्या. शिपायानं हाकललं की झाडाखाली बसायच्या, साहेब बाहेर आला की उठायच्या. अखेर यंत्र हललं. बौद्धवाड्यात साखर वाटली गेली. गयाबाईंनी मात्र ती तोंडात घातली नाही.

पुढच्या उन्हाळ्यात जळकोटला भावाकडे जाताना एसटीतून त्यांना ओळखीचा धुरळा दिसला. यंत्र माळापलीकडच्या बंजाऱ्यांच्या तांड्याशेजारी बसवलं होतं. त्या तिथंच उतरल्या. परत आल्या त्या थेट शाळेच्या पायरीवर येऊन बसल्या.

"गुरुजी, म्या धूळ हटिवली न्हाई. दुसरीच्या पाळन्यात सारली."

"तुम्ही कुठं सारली? यंत्र तिथं नेणारे वेगळेच."

"त्यांला आमच्या वस्तीनंतर तांडाच दिसला, हे खरं. पर मलाबी तवा माझीच वस्ती दिसली."

पुन्हा लातूर सुरू झालं, आता तांड्यातल्या बायकांसोबत. त्या बायकांनी आधी त्यांना दारातही उभं केलं नव्हतं. कचेरीतला कारकून वैतागला. "बाई, तुमचं काम झालं ना? आता यात तुमचा काय संबंध?"

"त्योच सांगाया आलेय," गयाबाई म्हणाल्या आणि बाकावर बसल्या.

या खेपेला मात्र काही झालं नाही. साहेब बदलले, रस्त्याचं काम लांबलं. तांड्यावरची लेकरं खोकत राहिली, त्यातली काही गेलीही. गयाबाई थकत गेल्या आणि एका पावसाळ्यात, यंत्र चालू असतानाच, वारल्या.

त्यांच्या पुण्यानुमोदनाच्या विधीला तांड्यावरच्या बायका चालत आल्या. कामावरून तशाच निघालेल्या, घागऱ्यांवर पांढरी धूळ. त्या मांडवाबाहेरच थबकल्या. गयाबाईंच्या सुनेनं पुढं होऊन एकीच्या कडेवरचं मूल आपल्याकडे घेतलं आणि तिला आत नेलं. मग बाकीच्याही आल्या आणि धुवून अंथरलेल्या सतरंजीवर बसल्या. धूळ झटका, असं कुणीच म्हणालं नाही.